आबांची एअरगन आणि तीन दुर्बिणी

माझ्या सासऱ्यांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जयपूरजवळच्या बस्सीतल्या एका गोदामातले उंदीर मारायचं काम स्वतःहून अंगावर घेतलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवरा केंद्र सरकारच्या खात्यात, त्याचं ऑफिस झालान्याला. मी वैशाली नगरातल्या एका शाळेत फिजिक्स शिकवते. जयपुरात येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. सासूबाई गेल्यावर आबा आमच्याकडे राहायला आले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. गावात त्यांना दिवसभर कामं असायची. इथे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांना काम नव्हतं, म्हणून ते माझ्या कामात लक्ष घालायचे. पोळ्या जाड का, कुकर तीनच शिट्ट्यांवर का बंद केला, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये इतका वेळ का ठेवली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने आम्हाला बस्सीला आपल्या शेतावर जेवायला बोलावलं. त्यांना आम्ही भाईसाहब म्हणतो. जेवण झाल्यावर ते आम्हाला गोदाम दाखवायला घेऊन गेले. बाजरीची पोती खालून फाटलेली, जमिनीवर सगळीकडे लेंड्या. भाईसाहबांनी सांगितलं की विष घालता येत नाही. मागच्या वर्षी घातलं, तर मेलेला उंदीर खाऊन घरची मांजर मेली, आणि आता त्यांची आई विषाचं नाव काढू देत नाही. पिंजऱ्यात दोन दिवसांतून एखादा सापडतो, बाकीचे हुशार झालेत.

आबा काठी टेकून पोत्यांकडे बघत होते. म्हणाले, "एअरगन पायजे. मी साफ करून देतो."

भाईसाहबांना मराठी येत नाही, पण 'एअरगन' कळलं. ते खूश झाले. नवरा माझ्याकडे बघू लागला आणि मी छताकडे.

परतताना गाडीत नवऱ्याने नियम सांगितले. त्याच्या ऑफिसच्या मागेच बिबट्यांचं जंगल आहे, जंगल खात्याचे लोक त्याला रोज भेटतात, त्यामुळे आपल्या घरात 'शिकार' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. गोदामातला उंदीर ठीक. पण शेतातला ससा, तितर, नीलगाय यांच्याकडे बंदूक रोखायचीसुद्धा नाही. आबा खिडकीबाहेर बघत "व्हय, व्हय" म्हणत होते. ते तसं म्हणतात तेव्हा त्यांनी एक अक्षर ऐकलेलं नसतं.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांना जुन्या शहरातल्या एका दुकानात घेऊन गेले. गाडी लावायला अर्धा तास गेला. दुकानदार पन्नाशीचा, कपाळाला टिळा, अतिशय गोड बोलणारा. त्याने आबांना खुर्ची दिली आणि विचारलं, "बाबूजी, किसलिए चाहिए?"

"शिकार के लिए," आबा म्हणाले.

दुकानदाराचा चेहरा उतरला. काउंटरवरची बंदूक त्याने हळूच स्वतःकडे ओढून घेतली.

"चूहे," मी घाईने म्हणाले. "गोदाम के चूहे. भैया, और कुछ नहीं, सिर्फ चूहे."

"चूहेकी शिकार," आबांनी त्यांच्या हिंदीत स्पष्टीकरण दिलं.

ओळखपत्राच्या झेरॉक्स, सह्या, पत्ता, सगळं झालं. नळी बुडाशी खाली वाकवून छर्रा घालायचा आणि परत सरळ करायची, अशी ती स्प्रिंगची साधी एअरगन. वाकवायला बऱ्यापैकी जोर लागतो. आबांना पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी गुडघ्याचा आधार घेऊन जमवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी काही पाहिलं नाही असं दाखवावं लागलं. मग त्यांनी डोळ्याला लावून नळीवरच्या माशीवरून, म्हणजे टोकाच्या नेम धरायच्या उंचवट्यावरून, समोरच्या कॅलेंडरवर नेम धरला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. लांबचं दिसतं, पण नळीवरची माशी त्यांना पुसट दिसत होती. हे त्यांनी सांगितलं नाही. "याला दुर्बीण पायजे," एवढंच म्हणाले.

दुकानदाराने पेनापेक्षा थोडी जाड अशी एक छोटी दुर्बीण बंदुकीवर बसवून दिली. मी विचारलं, स्प्रिंगच्या बंदुकीला ही चालेल का? तो आबांकडे बघून म्हणाला, "बिल्कुल चलेगी, बाबूजी." प्रश्न मी विचारला होता. पुढच्या दोन महिन्यांत हे इतक्या वेळा झालं की मी मोजणं सोडून दिलं.

सराव बस्सीलाच करायचा ठरलं, कारण फ्लॅटच्या गच्चीवर बंदूक नेली तर सोसायटीत काय होईल याची मला पूर्ण कल्पना होती. दर रविवारी सकाळी सगळं जयपूर ओलांडायचं, बोगद्यातून आग्रा रोडला लागायचं आणि बस्सीला पोचायचं. नवऱ्याला दर रविवारी काही ना काही काम निघायचं. मी वह्यांचे गठ्ठे बरोबर घ्यायची आणि बाजेवर बसून तपासायची.

भाईसाहबांनी गोठ्यामागच्या मातीच्या भिंतीला लागून जागा दिली. मी एका खोक्यात जुने पेपर आणि चिंध्या ठासून भरल्या, वर कागद चिकटवून त्यावर कंपासने गोल काढले. छर्रा उलटून येऊ शकतो म्हणून दोघांसाठी प्रयोगशाळेतले संरक्षक चष्मे आणले. आबांनी चष्मा घालायला नकार दिला. "लढाईत कुणी चष्मे घातले होते का," म्हणाले. मी म्हटलं, चष्मा नसेल तर गाडीची किल्ली माझ्याकडे आहे. मग घातला.

तीन रविवारांनी दुर्बिणीतली उभी-आडवी रेघ तिरकी झाली. हलवली की आत खुळखुळ वाजे. आबा म्हणाले, मी गाडी खड्ड्यांतून जोरात चालवली म्हणून मोडली. मी घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की स्प्रिंगची बंदूक साध्या बंदुकीसारखा नुसता मागे धक्का देत नाही. आतला दट्ट्या पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे जाते आणि दट्ट्या पुढे जाऊन आदळला की बंदूक पुढे हिसका खाते. असे दोन्हीकडचे धक्के सोसायला दुर्बीण मुद्दाम तशी बनवलेली लागते. हे मी जेवताना आबांना सांगितलं. दट्ट्याच्या जागी वाटी आणि चमचा घेऊन दाखवलंसुद्धा. ते म्हणाले, "भाजीत मीठ कमी हाय."

दुसरी दुर्बीण आणायला ते माझ्या नवऱ्याला घेऊन गेले, मला न सांगता. मी शाळेतून आले तर हॉलमध्ये टीपॉयवर हातभर लांबीची, पुढे वाटीएवढी काच असलेली दुर्बीण ठेवलेली. आबा तिच्यातून खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीवरचं कबूतर बघत होते.

"त्याचा डोळा दिसतोय," म्हणाले.

मी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "दहा-बारा मीटरवरच्या उंदरासाठी ही?"

"दुकानदार म्हणाला, जितकी मोठी तितकी चांगली."

"आणि तू मान डोलावलीस?"

"अगं, आबा खूश झाले होते. मतलब, तिथे दुकानात काय वाद घालायचा."

रविवारी मला वाटलं होतं तसंच झालं. टाकीवरचं कबूतर लख्ख दाखवणारी ती दुर्बीण दहा मीटरवरच्या कागदाकडे वळवली की नुसतं धुकं दाखवायची. शिवाय गोल इतका मोठा दिसायचा की आपण कागदाच्या कुठल्या कोपऱ्यात आहोत तेच कळेना. मी डोकं जरा इकडेतिकडे हलवून बघितलं तर रेघही लक्ष्यावरून इकडेतिकडे सरकत होती. अकरावीला मी हेच दरवर्षी शिकवते. बोट डोळ्यासमोर धरा, एक डोळा मिटा, मग दुसरा, बोट सरकलेलं दिसेल. ही दुर्बीण शंभर मीटरवर जुळवलेली होती. आपल्याला पुढची कडी फिरवून जवळच्या अंतरावर स्पष्ट करता येईल अशी हवी होती, आणि मोठं दाखवायची ताकद उलट कमी हवी होती.

मी हे सगळं आबांना मातीत काडीने आकृती काढून समजावलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सूनबाई, माझ्या काळात पोरं तीनशे यार्डावर नुसत्या डोळ्यानं नेम मारत होती. तुझी पुस्तकं ठेव बाजूला."

"मग दुर्बीण काढून टाकू?"

त्यांनी सलग वीस छर्रे मारले. चार कागदाला लागले, बाकीचे भिंतीत गेले. एक खोक्याच्या वरून गेला आणि गोठ्यातल्या म्हशीने मान वळवून आमच्याकडे बघितलं. त्यानंतर मी नेमाची दिशा बदलून घेतली.

तिसरी दुर्बीण मी एकटीने घेतली. त्याच दुकानात गेले, कारण दुसरं दुकान शोधायचं त्राण नव्हतं. दुकानदाराने मागे बघितलं, बाबूजी किंवा साहेब येताहेत का म्हणून.

"मैडम, आप चलाएँगी?"

मी त्याला कागद दिला. त्यावर मुद्दे लिहून नेले होते. स्प्रिंगच्या बंदुकीसाठी बनवलेली, दहा मीटरपासून स्पष्ट होणारी, तीनपट पुरे, संध्याकाळच्या अंधुक उजेडातही दिसली पाहिजे. त्याने कागद वाचला, आत गेला आणि बऱ्याच वेळाने एक धुळकटलेला खोका घेऊन आला. म्हणाला, अशी कुणी मागत नाही. मोठी बदलून घ्यायला तो तयार नव्हता. ती आजही आमच्या कपाटावर आहे. छर्रेही मी बदलले. आबा टोकदार घ्यायचे, कारण ते भेदक दिसतात. मी गोल डोक्याचे घेतले आणि डबी उघडून त्यातले चेपलेले वेगळे काढले.

एवढं करून रविवारी पहिले दहा छर्रे बरे लागले आणि मग हळूहळू नेम खाली जाऊ लागला. मी दुर्बिणीचा खुंटा फिरवून वर आणला, तर पुन्हा खाली. तासाभराने लक्षात आलं की दुर्बीण धरणाऱ्या कड्या दर धक्क्याला पट्टीवरून केसभर मागे सरकताहेत. आबा समाधानाने म्हणाले, "बघ, तुझी पण तीच गत."

त्या दिवशी मी खरंच वैतागले. वह्या तपासायच्या राहिल्या होत्या, घरी कामवाली येणार नव्हती, आणि मी एका शेतात म्हशीच्या मागे उभी राहून पाना फिरवत होते. मी पाना बाजेवर आपटला आणि म्हणाले, "आबा, मला उंदीर मारायचे नाहीत. मला बंदूक नकोय. तुम्हाला हवीय म्हणून मी गेले दोन महिने यात आहे. निदान माझी गत मोजू नका."

मग खाली वाकून त्यांनी बंदुकीच्या पट्टीवर बोट फिरवलं. "इथं एक भोक हाय," म्हणाले. "कशाला असंल?"

ते भोक कडीची खिळी अडकवायला होतं. आमच्या कडीला खिळी नव्हती. ती असलेली कडी मागवायला आणखी एक आठवडा गेला, पण शोध आबांचा होता आणि तो त्यांनी साताऱ्याला फोन करून तीन जणांना सांगितला.

आता दुर्बीण जागेवर राहिली, तरी आबांचे छर्रे पसरतच होते. ते बंदूक खांद्यात घट्ट आवळून धरत, दातओठ खाऊन. त्यांना तसंच शिकवलेलं. मी वाचलं होतं की ही बंदूक आवळायची नसते. तिला हातावर नुसती ठेवायची, तिचे ते दोन धक्के तिला खाऊ द्यायचे. हे सुभेदाराला कोण सांगणार? मी एकदा सांगून बघितलं.

"बंदूक सैल धरणारा सैनिक मी पाहिला न्हाई," ते म्हणाले. "तूच मारून दाखव."

मी तोपर्यंत एकही छर्रा मारला नव्हता. नेम लावायला फक्त डोळा लावून बघायची. मला त्या धक्क्याची भीती वाटत होती, म्हणून मी मुळातच बंदूक हलकी धरली. समोर ओढलेल्या भुशाच्या पोत्यावर डावा हात टेकवला, त्यावर बंदूक ठेवली आणि घोडा ओढला. पाच छर्रे मारले. आबा चालत कागदापर्यंत गेले, चष्मा वर केला, तिथेच उभे राहिले. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली असती.

ते परत आले, माझ्या हातातून बंदूक घेतली आणि पोत्यावर हात टेकवून, सैल धरून मारू लागले. त्या दिवशी त्यांचे दहापैकी सात आतल्या गोलात गेले. मला शाबासकी मिळाली नाही. येताना गाडीत म्हणाले, "घोडा ओढताना श्वास सोडतेस तू. अर्धा धरायचा."

जानेवारीत एका रविवारी आम्ही पहिल्यांदा गोदामात बसलो. ऊन उतरू लागल्यावर, माणसांची वर्दळ थांबली की उंदीर निघतात असं भाईसाहब म्हणाले होते. दार लोटून, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या टाकून, समोरच्या भिंतीशी मातीची पोती रचून, त्यांच्यापुढे थोडी बाजरी टाकून आम्ही थांबलो. आबांनी मला बजावलं, हलायचं नाही, बोलायचं नाही. मग त्यांना खोकला आला. मग गुडघा दुखायला लागला. मग ते झोपले आणि घोरू लागले. एक उंदीर येऊन बाजरी खाऊन गेला. मी बघत बसले.

पुढच्या रविवारी त्यांनी खोकल्याची गोळी आधीच घेतली. अर्ध्या तासाने एक मोठा उंदीर पोत्यांच्या कडेने आला आणि बाजरीपाशी थांबला. आबांनी अगदी सावकाश दुर्बिणीला डोळा लावला. मला त्यांचा अर्धा धरलेला श्वास जाणवला. ठप असा आवाज झाला.

उंदीर मेला नाही. छर्रा कमरेत लागला होता. पुढच्या दोन पायांवर तो स्वतःला ओढत पोत्याकडे निघाला आणि बारीक चिरका आवाज करत होता. आबांनी घाईने नळी वाकवायला घेतली. जमेना. गुडघ्याचा आधार घेतल्यावर वाकली, पण छर्रा बोटांतून खाली पडला. दुसरा काढला, तोही पडला. उंदीर अजून ओढतच होता.

त्यांनी बंदूक माझ्याकडे धरली. "तू मार. लवकर."

मी नळी वाकवली, छर्रा घातला, चार पावलं पुढे जाऊन गुडघ्यावर बसले. दुर्बिणीत त्याच्या मिशा दिसत होत्या. मी डोक्यात मारला आणि तो थांबला.

मी बाहेर जाऊन नळावर हात धुतले, दोनदा. आबा मागून आले. त्यांनीच फावडं मागून घेतलं आणि उंदीर कडुलिंबाखाली पुरला, मला करू दिलं नाही. मग हात पुसत म्हणाले, "जीव घ्यायचा तर एका दमात घ्यावा. असं अर्धवट न्हाई करू. माझा हात आता त्या कामाचा राहिला न्हाई."

मी त्यांच्या हातून फावडं घेतलं आणि धुऊन ठेवलं.

त्यानंतर ते गोदामात बसले नाहीत. मी आणखी दोन उंदीर मारले, दोन्ही एका छर्‍यात, कारण भाईसाहबांना शब्द दिला होता. एवढ्याने काही गोदाम साफ होत नव्हतं. शेवटी भाईसाहबांनीच फेब्रुवारीत गवंडी बोलावून भिंतीतली बिळं काचा आणि सिमेंट घालून बुजवली, दाराला खालून पत्रा ठोकला आणि बाजरी लोखंडी कोठ्यांत भरली. आठवड्यात उंदीर गेले. हे आधी का केलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, बाबूजी इतक्या हौसेने येत होते, त्यांना वाईट वाटलं असतं.

मी नवऱ्याला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. मला आजही त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

बंदूक आहे. अजूनही महिन्यातून एखादा रविवार आम्ही बस्सीला जातो, कारण आता मलाही जावंसं वाटतं, हे मी घरात मान्य केलेलं नाही. आबा पोत्यावर हात टेकवून कागदावर दहा-पंधरा छर्रे मारतात, मग खुर्चीत बसून चहा घेतात आणि माझं मारणं बघतात. कोपर वर आहे, डोकं फार पुढे नेतेस, घाई करतेस. मागच्या वेळी पाचही छर्रे मधल्या गोलात गेले, म्हणून मी कागद नेऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हात धरून नीट बघितला आणि म्हणाले की तिसरा जरा डावीकडे गेलाय.